गुण आला

माझ्या लहानपणी आमच्या गावात, तुडीलमध्ये, चार दगडू होते. वरच्या आळीतला दगडू, खाडीकडचा दगडू, एसटीत कंडक्टर झालेला दगडू आणि नुसताच दगडू. शिवाय दोन धोंडू, एक भिकू आणि एक केरू. केरूला जन्मल्याबरोबर सुपात घालून केराच्या ढिगावर ठेवलं होतं आणि त्याच्या आत्यानं त्याला पाच पैशांना विकत घेतलं होतं. पोर आता त्या घरचं नव्हेच, उकिरड्यावरचं. तेव्हा सटवीनं त्याच्याकडे वाकड्या नजरेनं बघायचं कारण नाही, असा सरळ हिशेब. दगडू, धोंडू, भिकू या नावांमागेही तोच. हजेरी घेताना गुरुजींनी 'केरू' म्हटलं की आम्ही फिदीफिदी हसायचो. त्या नावामागे आधी गेलेल्या दोन-तीन भावंडांची रांग आहे, हे कळायला मला चाळीस वर्षं लागली. ती रांग कशानं लागली असेल, हे कळायला आणखी काही.

परवा भाचीला घेऊन महाडच्या दवाखान्यात गेले होते. तिला चौथा महिना. बाईंनी तिचा दंड रबरी पट्ट्यानं आवळला, मूठ मिटायला सांगितली आणि बघता बघता नळी भरली. चिठ्ठीवर ओळीनं लिहिलं होतं: हिमोग्लोबिन, रक्तगट, साखर, कावीळ ब, एचआयव्ही, व्हीडीआरएल. भाचीचं लक्ष दुसऱ्या हातातल्या मोबाईलवर. माझं मात्र त्या शेवटच्या चार अक्षरांवर अडकलं.

"ही गरमीची तपासणी बरं का," मी तिच्या कानाशी लागून म्हटलं.

"कसली गर्मी मावशी? पंखा चालू आहे की."

मी हसले. एका पिढीत शब्द इतका धुऊन निघाला की त्याचा नुसता उन्हाळा उरला. आमच्या आजीच्या काळी 'गरमी' म्हटलं की ओसरीवरच्या बायका पदर तोंडाला लावायच्या. गरमी म्हणजे उपदंश. परमा म्हणजे गनोरिया, हा त्याचा जोडीदार. ही दोन्ही नावं पुरुषांसाठी. बाईला झालं की त्याला नावच नसे. तिला 'धुपणी लागली', तिच्या 'अंगावर जातंय', ती 'आतून कमजोर आहे'. आणि तिची पोरं राहिली नाहीत की 'कूस वाईट'. रोग एकच, पण बाप्याला झाला तर तो बाहेरून आलेला आणि बाईला झाला तर तिच्यातच असलेला.

तसा हा रोग पहिल्यापासून दुसऱ्याच्याच नावावर खपवलेला. सोळाव्या शतकातल्या भावप्रकाश या वैद्यकग्रंथात त्याला 'फिरंग' म्हटलंय, कारण तो फिरंग्यांच्या जहाजांबरोबर आला. त्याच सुमारास तिकडे युरोपात इटलीचे लोक त्याला फ्रेंचांचा रोग म्हणत आणि फ्रेंच लोक नेपल्सचा. खाडीपट्ट्यात आम्ही त्याला 'मुंबईची हवा' म्हणायचो. "त्याला मुंबईची हवा लागली," एवढं म्हटलं की पुढचं सगळ्यांना कळे.

मुंबई हे आमचं दुसरं शेत होतं. सावित्रीच्या खाडीकाठची भातशेती घराला सहा-आठ महिने पुरायची, उरलेले महिने गिरणीतून यायचे. गडी माणसं गिरणगावात, एकेका खोलीत दहा-पंधरा जण, बायका गावी. गणपतीला, शिमग्याला आणि लावणीला चाकरमानी यायचे. एसटीच्या टपावरून ट्रंका उतरायच्या. त्यातून साखरेच्या पुड्या, छापील लुगडी, बिस्किटांचे डबे निघायचे. ते दिवस आठवले की अजून नाकात ट्रंकेतल्या डांबरगोळ्यांचा वास येतो. त्या ट्रंकांबरोबर आणखी काय उतरत होतं, ते कुणी उघडून बघितलं नाही. वर्षातून दोन-तीनदा येणारा नवरा म्हणजे सण. सणाला कोण तपासत बसतो?

अंगावर चट्टे घेऊन आलेला एखादा निघायचाच. त्याला 'रक्त बिघडलं' असं म्हणत आणि सवला धाडत. महाडजवळ सवला गरम पाण्याचे उन्हाळे आहेत. खरूज, नायटा, संधिवात, सगळ्यावर तोच उपाय. चार-सहा आठवडे आंघोळी करून माणूस परत यायचा तेव्हा कातडी स्वच्छ. "सवच्या पाण्यानं गुण आला," गाव म्हणे. मलाही ते खरंच वाटे. पुढे कळलं की उपदंशाची रीतच तशी आहे. आधी एक न दुखणारी जखम होते, ती आपोआप भरते. मग काही आठवड्यांनी अंगावर, तळहातातळव्यांवर चट्टे उठतात, तेही आपोआप मावळतात. माणूस आंघोळीला जातो तेव्हा चट्टे परतीच्याच वाटेवर असतात. पाण्यानं काही केलेलं नसतं. रोग रक्तात जाऊन निजतो आणि वर्षानुवर्षं निजून राहू शकतो. आणि पहिल्या काही वर्षांत तर तो बायकोला द्यायला अगदी ताजातवाना असतो.

बाळंतपणाची आमची सारी मदार सुईणीवर. मलाही तिनंच या जगात ओढलं. काळीसावळी, रुंद पंजांची, कपाळावर आडवं कुंकू. गरोदर बाईला सातव्या महिन्यात ती एकदा तेल लावून बघायची. पोटावर हात ठेवून डोळे मिटायची आणि सांगायची, डोकं खाली आहे की वर. प्रसूतिपूर्व तपासणी म्हणायची तर ती एवढीच. तिचा मोबदला म्हणजे पायलीभर तांदूळ, नारळ आणि खण. बाळंतिणीच्या अंधाऱ्या खोलीत बाजेखाली शेगडी, ओव्याची धुरी, शेपा चावायला. पाचवीला पाटा-वरवंटा पुजायचा आणि सटवीनं बाळाचं नशीब लिहावं म्हणून कोरा कागद न् बोरू ठेवायचा. तो वास, ती ऊब, आठ-दहा बायकांची ती कुजबुज मला अजून हवीहवीशी वाटते. आजच्या ट्यूबलाइटच्या वॉर्डात ती नाही. भाचीला पाठ चोळून द्यायला तिथे कुणाला वेळ नसतो.

पण त्याच खोलीतून पोरं जायचीही. नाळ विळ्यानं नाहीतर बांबूच्या कामटीनं कापलेली. आठवड्याच्या आत आकडी येऊन बाळ गेलं तर तो धनुर्वात. हिवताप होता, अंगात रक्त नसणं होतं. आणि त्या गर्दीत गरमीही होती, न ओळखू येणारी. उपचार न झालेला ताजा उपदंश पोटात असेल तर निम्म्याहून अधिक गर्भांना काही ना काही इजा होते. एक अधेमधे पडतं, एक मेलेलं जन्मतं, एक जन्मतं ते नाक गच्च झालेलं, म्हाताऱ्यासारखं सुरकुतलेलं, आणि काही दिवसांत जातं. परम्याचं निराळंच, तो बाळाच्या डोळ्यांत उतरतो. जन्मल्यावर दोन-चार दिवसांत पापण्या सुजून पू वाहू लागतो आणि वेळेत औषध पडलं नाही तर बाळ आंधळं होतं. जर्मनीत क्रेडे नावाच्या डॉक्टरांनी १८८०-८१ च्या सुमारास नवजात बाळांच्या डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेटचा थेंब घालून हे आंधळेपण रोखून दाखवलं होतं. आमच्याकडे शंभर वर्षांनंतरही डोळ्यांत आईचं दूध पिळत होते.

आता दगडूकडे वळते. एकोणिसाव्या शतकात व्हिएन्नामध्ये कासोविट्झ नावाचे बालरोगतज्ज्ञ होते. आईला उपदंश होऊन जितकी वर्षं लोटतील तितका पोटातल्या बाळाला त्याचा तडाखा कमी बसतो, असं त्यांनी दाखवलं. म्हणजे पहिलं पडतं, दुसरं मेलेलं येतं, तिसरं थोडं जगतं आणि चौथं कदाचित जगून जातं. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बसले होते. चौथ्याचं नाव आम्ही दगडू ठेवत होतो! आणि ते जगलं की म्हणत होतो, नावानं गुण आला. सगळेच दगडू गरमीतून वाचलेले नव्हेत. धनुर्वातानं आणि तापानं गेलेल्यांचे धाकटे भाऊही त्यात पुष्कळ. पण ज्या घरात खरंच गरमी होती, तिथे नावाचा हा उपाय लागू पडल्यासारखा दिसायचा. सवच्या पाण्याचा दिसायचा तसाच. आमची खरी अडचण ही की आमच्या उपायांना गुण येत होता.

सुईण मात्र या गुणाला भुलली नसावी. एकदा लागोपाठ तिसरं गेलेलं बाळ धुवून ती बाहेर आली. सासू कपाळावर हात मारून सुनेच्या कुशीला नावं ठेवत होती. सुईण पायावर पाणी घेता घेता म्हणाली, "बाप्याला कोन इचारतंय?" बस, एवढंच. सासू गप्प झाली नाही, पण आजीनं मला तिथून आत पिटाळलं. म्हणजे ऐकण्यासारखं काहीतरी बोललं गेलं होतं, हे मला तेवढ्यावरून कळलं.

बाप्याला विचारणारं कोकणात कुणीच नव्हतं असं नाही. दापोलीजवळच्या मुरुडचे र. धों. कर्वे. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, 'गुप्तरोगांपासून बचाव' नावाचं पुस्तक लिहिलं आणि १९२७ च्या जुलैत 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केलं. ते १९५३ मध्ये त्यांचं निधन होईपर्यंत चालवलं. त्याच १९२७ च्या २० मार्चला बाबासाहेबांनी आमच्या महाडात चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं होतं, आणि पुढे १९३४ मध्ये कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला झाला तेव्हा त्यांची बाजू मांडायला कोर्टात उभे राहिले तेही बाबासाहेबच. एकानं पाण्याचा विटाळ काढला, दुसरा शरीराचा काढू बघत होता. तळ्याची गोष्ट आमच्या गावापर्यंत आली, घरोघर सांगितली गेली. मासिक कधी आलं नाही.

औषधही आलं होतं, म्हणजे जगात आलं होतं. १९४३ मध्ये पेनिसिलिननं उपदंश बरा होतो हे सिद्ध झालं. व्हीडीआरएलची चाचणी १९४६ ची. सुईण 'बाप्याला कोन इचारतंय' म्हणाली ते त्यानंतर पाव शतकानं. आमच्याच तालुक्यात बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात सत्तरच्या दशकात डॉ. हिंमतराव बावस्कर आले आणि विंचूदंशानं पटापट मरणारी माणसं वाचवण्याचा उपाय त्यांनी पुढे शोधला. त्यांचं संशोधन लॅन्सेटमध्ये छापून आलं. त्याचा आम्हाला केवढा अभिमान! पण विंचू चावला की माणूस ओरडतो, चार जण खाटेवर घालून धावत नेतात. या रोगांत बाई ओरडत नाही. पुष्कळदा तिला काही जाणवतच नाही, आणि जाणवलं तर ती कुणाला सांगत नाही.

किती सांगत नाही, ते गडचिरोलीत कळलं. राणी आणि अभय बंग या डॉक्टर दांपत्यानं वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० बायका तपासल्या. जानेवारी १९८९ च्या लॅन्सेटमध्ये त्याचा अहवाल आला. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होते, एकेकीला सरासरी साडेतीनच्या वर. आणि त्याआधी कधी तपासून घेतलेल्या? जेमतेम ८ टक्के. कुटुंब नियोजनासाठी बाईच्या गर्भाशयापर्यंत पोचलेल्या सरकारला तिच्या अंगावरून काय जातं ते ठाऊक नव्हतं. ती आकडेवारी गडचिरोलीची, पण वाचताना मला आमच्या विहिरीवरच्या बायका दिसत होत्या, पोटऱ्या दुखतात, कंबर धरते म्हणत हंडा उचलणाऱ्या.

नव्वदीत मुंबईच्या हवेनं नवं नाव घेतलं. १९८२ च्या संपानंतर गिरण्या विझत गेल्या, माणसं परतली. पुढच्या काही वर्षांत त्यातली काही खंगून गेली. टीबी, कावीळ, काहीही सांगत. १९८६ मध्ये चेन्नईत पहिल्यांदा एचआयव्ही सापडला आणि पंधरा वर्षांत महाराष्ट्र देशातल्या सहा जास्त लागणीच्या राज्यांत जाऊन बसला. जास्त म्हणजे किती, हे ठरवायचं माप होतं गरोदर बाई. प्रसूतिपूर्व तपासणीला आलेल्यांपैकी शंभरात एकीपेक्षा जास्तजणींना लागण असेल तर ते राज्य धोक्याचं. व्हीडीआरएलसाठी काढलेल्या रक्तातलं उरलेलं रक्त नाव पुसून तपासलं जायचं आणि त्यावरून देशाला आपली अवस्था कळायची. बाईला कळायची नाही. नाव पुसलेलं, सांगणार कुणाला?

खाडीपट्ट्यात आणखी एक गंमत होती, गंमत म्हणायची तर. आमच्या मोहल्ल्यांतली आणि पाठोपाठ आमच्याही आळीतली पोरं आखातात जाऊ लागली. व्हिसाआधी मेडिकल: छातीचा एक्स-रे, कावीळ, व्हीडीआरएल, पुढे एचआयव्ही. 'फिट' की 'अनफिट' हा निकाल गावात दहावीच्या निकालासारखा पसरायचा. म्हणजे बाप्याचं रक्त तपासलं जात होतं. मात्र ते परदेशातल्या मालकासाठी. एकजण अनफिट होऊन परत आला. "छातीवर डाग निघाला," एवढंच घरात सांगितलं. त्याच हंगामात त्याचं लग्न लावून दिलं, संसाराला लागला की तब्येत सुधारेल म्हणून. खरोखरच त्याच्या अंगावर मांस चढलं. गुण आला! पुढे बायकोला दिवस गेले आणि तिच्या रक्तात काय ते निघालं. तिला तिच्या माहेरी परत पाठवलं. त्याच्या डागाची आठवण कुणी काढली नाही.

ती आज बाळंत झाली असती तर? हा प्रश्न मी स्वतःला बऱ्याचदा विचारते. एचआयव्ही असलेल्या आईकडून बाळाला लागण होण्याची शक्यता उपचाराविना १५ ते ४५ टक्के. २००० मध्ये महाराष्ट्रासह पाच राज्यांतल्या ११ रुग्णालयांत आईपासून बाळाला होणारी लागण रोखण्याचा पहिला प्रयोग झाला. मग प्रसूतीच्या वेळी आईला नेव्हिरापिनची एक गोळी आणि बाळाला काही थेंब, असं सुरू झालं. एप्रिल २००४ पासून मोफत औषधं आली. २०१४ पासून तर गरोदर बाईला लागण दिसताच आयुष्यभराचा पूर्ण उपचार, आणि बाळाचा धोका ५ टक्क्यांच्या खाली. उपदंशाला बेंझाथिन पेनिसिलिनचं २४ लाख युनिटचं इंजेक्शन. रोग अलीकडचा असेल तर एकच पुरतं, आणि प्रसूतीच्या महिनाभर आधी मिळालं की बाळही सहसा पोटातच बरं होतं. चार दगडूंची गोष्ट एका सुईवर संपते. क्यूबानं २०१५ मध्ये आणि आपल्या शेजारच्या श्रीलंकेनं २०१९ मध्ये आईकडून बाळाला जाणारे हे दोन्ही रोग जवळपास मिटवल्याचं जागतिक आरोग्य संघटनेनं जाहीर केलं. महाराष्ट्रातल्या गरोदर बायकांत एचआयव्हीचं प्रमाण आता शंभरात एकीच्या बरंच खाली आहे.

हे आपोआप झालेलं नाही. आशाताई दारोदार फिरून दिवस गेलेल्यांची नोंद करते, कार्ड काढून देते. दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायकांची खास तपासणी असते. समुपदेशक दार लावून घेऊन बोलते. 'सुरक्षा क्लिनिक'मध्ये रंगांच्या पिशव्या असतात, अंगावरून जात असेल तर करडी किंवा हिरवी, जखम असेल तर पांढरी. रोगाचं नाव उच्चारायला बाई लाजली तरी पिशवीच्या रंगावर काम भागतं. २०१७ च्या कायद्यानं तर तिच्या संमतीवाचून एचआयव्हीची तपासणी करायला आणि निकाल फोडायला बंदी केली आहे. तिसरं बाळ धुवून बाहेर आलेल्या सुईणीला हे सगळं दाखवायला हवं होतं.

पण तिनं काय विचारलं असतं, तेही मला ठाऊक आहे. दवाखान्याच्या बाकांवर सगळ्या बायका. बाहेर झाडाखाली मोटरसायकली आणि त्यांच्यावर टेकलेले नवरे, तंबाखू मळत. बाईंनी आतून दोनदा विचारलं, "मिस्टर आलेत का कुणाचे? त्यांचीही तपासणी होते, फुकट आहे." झाडाखाली जरा चुळबुळ झाली. आत कुणी आलं नाही.

संध्याकाळच्या एसटीनं परतलो. खिडकीतून खाडीचं पाणी दिसत होतं, ओहोटी लागलेली. भाचीच्या हातात रिपोर्ट होते, सगळे चांगले. तिनं पनवेलला कामाला असलेल्या नवऱ्याला फोन लावला, सगळं वाचून दाखवलं आणि म्हणाली, तूही करून घे. पलीकडचं मला ऐकू येत होतं, गाडीत निम्म्या लोकांना येत असावं. "मला कशाला? तुझी निगेटिव्ह आली ना, म्हणजे माझीपण आलीच की."

मला एकदम सवचं पाणी आठवलं. बायकोचा रिपोर्ट वाचून नवरा बरा! नवऱ्याला असूनही बायकोपर्यंत अजून पोचलं नाही, असं सर्रास घडतं. उद्या, पाचव्या महिन्यात, सातव्यात पोचू शकतं. तिचं रक्त फक्त तिचंच सांगतं. हे तिला समजावून सांगावं म्हणून मी तोंड उघडलं, पण पुढच्या बाकावर गावचे दोन म्हातारे बसले होते. माझी आजी माझ्यात जागी झाली आणि मी पदर सावरून गप्प बसले.

भाची गप्प बसली नाही. "माझं रक्त माझं हाय, तुजं तू दे," ती गाडीच्या घरघरीवर आवाज चढवून म्हणाली. "पुढच्या ९ तारखेला सुट्टी टाक. मी सकाळी रांगेत नंबर लावून ठेवते."

पुढच्या बाकावरचा एक म्हातारा वळून बघायला लागला. हा आमचा खाडीकडचा दगडू.